चौथ्या ओळीतलं चौदावं झाड

फेब्रुवारी लागला की अकोल्यात मला दोन वास एकदम येतात. बाहेर रस्त्यावर हातगाडीभर मृग बहाराची संत्री, आणि आत कॉलेजच्या प्रयोगशाळेत अमोनिया. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू असतात. पोरींच्या हातात परीक्षानळ्या थरथरत असतात, कोणाचं तरी द्रावण पांढरं व्हायचं ते निळं होतं, आणि मी चेहरा कोरा ठेवून खुर्चीवर बसलेली असते. दुपारी डब्यानंतर संत्रं सोलायला घेतलं की बोटांना अमोनिया चिकटलेला असतोच. ते संत्रं मी खाते खरी, पण चव नीट लागत नाही. वीस वर्षं झाली शिकवायला लागून; दर फेब्रुवारीत हे असंच. मी आपली वासाला दोष देत आले.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला आहे. सगळी मूलद्रव्यं ओळींत आणि उभ्या रांगांत बसवलेला तो मोठा चौकोनी पट. खालचा काठ वाळवीनं खाल्लाय, त्यामुळे शेवटची काही मूलद्रव्यं आमच्या कॉलेजात अजून सापडलेली नाहीत. कोणा पोरानं आयोडीनच्या घरात बाण मारलेलं बदाम काढून ठेवलंय. शिपाई दर दिवाळीला ते पुसायचा प्रयत्न करतो आणि दर वर्षी थोडं आयोडीनच पुसलं जातं.

यंदा तोंडी परीक्षेला मेघा नावाची मुलगी समोर बसली. हुशार, पण हुशारी दाखवायची घाई नसलेली. मी तिला विचारलं, ही सारणी ज्यानं पहिल्यांदा नीट मांडली त्यानं काय विशेष केलं? ती म्हणाली, त्यानं न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा रिकाम्या सोडल्या. बरोबर. मी गुण लिहायला पेन उचललं, तर तिनंच उलट विचारलं, "मॅडम, एक सांगा न. जागा रिकामी सोडली हे ठीक. पण लोकाईले वाटलं असन न, का याले याद नाई आलं म्हणून सोडली? तिथं काई तरी हाय, हे त्यानं पटवून कसं देलं? कोणाले दिसत तं नव्हतं."

मी म्हटलं, "वेळ संपला. पुढची कोण?"

असं मी कधी करत नाही. प्रश्न विचारणारं पोर म्हणजे आमच्या धंद्यातलं खरं उत्पन्न, त्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. पण मेघा उठून गेली आणि माझं लक्ष उरलेल्या दिवसभर लागलं नाही.

तिच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मला येत होतं. मोठं मजेदार आहे ते. एकोणिसाव्या शतकात साठेक मूलद्रव्यं माहीत झाली होती आणि त्यांचा नुसता ढीग पडला होता. लोखंड, गंधक, सोनं, प्राणवायू, सगळं एका पोत्यात. एका जर्मन माणसाला त्यात तीन-तीनच्या टोळ्या दिसल्या. मधल्याचं वजन आजूबाजूच्या दोघांच्या सरासरीइतकं निघालं. एका इंग्रजानं वजनानं रांग लावली, तर दर आठव्या जागी पहिल्याचे गुण परत यायला लागले, सा रे ग म सारखे. भर सभेत त्याला कोणीतरी विचारलं, बाबा रे, अक्षरांच्या क्रमानं लावून पाहिलंस का? बिचाऱ्याचं हसं झालं. आणि मग आला तो दाढीवाला रशियन मास्तर. विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहीत होता, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. एकेका मूलद्रव्याचं नाव, वजन आणि गुण कार्डावर लिहून तो ती पत्त्यांसारखी मांडत बसे म्हणतात.

वजनानं लावत जायचं, आणि सारख्या स्वभावाची एकाखाली एक यायला हवीत, एवढाच त्याचा डाव. जस्तापर्यंत ठीक चाललं. जस्तानंतर वजनाप्रमाणे पाळी आर्सेनिकची. पण तिथे बसवलं तर ते ॲल्युमिनियमखाली जातं, आणि स्वभाव तर सगळा फॉस्फरसचा. दुसरा कोणी असता तर त्यानं डोकं खाजवून ते तिथेच कोंबलं असतं. या गड्यानं आर्सेनिक दोन घरं पुढे सरकवून फॉस्फरसखाली ठेवलं आणि मधली दोन घरं मोकळी सोडली. वर त्या मोकळ्या घरांना नावंही दिली: एक-ॲल्युमिनियम आणि एक-सिलिकॉन. हा 'एक' म्हणजे आपला संस्कृतातला एक. त्या घरात जो कोणी राहायला येईल त्याचं वजन किती असेल, रंग कसा असेल, घनता किती, सगळं आधीच लिहून मोकळा. काही वर्षांनी पहिलं सापडलं तेव्हा शोधणाऱ्यानं मोजलेली घनता याच्या आकड्याशी जुळेना. यानं कळवलं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तर याचीच बरोबर निघाली. ज्यानं ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्यानं ते हातात असलेल्याला मोजायला शिकवलं, हे मला अजूनही पटकन पचत नाही.

दुसरं रिकामं घर होतं सिलिकॉनच्या खालचं. चौथ्या ओळीतलं चौदावं. त्या घरात पुढे जे आलं त्याचं नाव जर्मेनियम. मेघाला मी उत्तर दिलं नाही ते या घरामुळे.

आमची बाग शेंदूरजनाघाटच्या वाटेवर. काळी जमीन, विहीर, आणि अठरा फुटांवर एक अशी संत्र्याची झाडं. मी अकरावी-बारावीला मोर्शीला मामाकडे राहायची, पण पेपरांआधीच्या वाचनाच्या सुट्टीत घरी यायची. त्या वर्षी बाबांनी अर्ध्या बागेत मृग बहार धरला होता आणि बांधाकडच्या अर्ध्या बागेत आंबिया. म्हणजे फेब्रुवारीत इकडे तोड चालू, पिवळ्या फळांचे ढीग, बाया निवडायला बसलेल्या. आणि तिकडे बांधाशी झाडं फुलावर आलेली. संत्र्याचं फूल लहान, पांढरं, पण दुपारच्या उन्हात त्याचा वास डोकं जड करतो. आंब्याचा मोहोर लोक मिरवतात, संत्र्याच्या फुलाचं कोणी नाव काढत नाही, याचा मला तेव्हाही राग यायचा.

आई फळं निवडायची तेव्हा मी शेजारी पुस्तक घेऊन बसायची. दिसायला मोठं, तरतरीत संत्रं ती उचलायची, तळहातावर एकदा झेलायची आणि सरळ हलक्या ढिगात टाकायची. "हे पहिल्या नंबरात काहून नाही?" मी विचारलं. "फोपसं हाय," ती म्हणाली. "साल सुटली त्याची. आंगानं मोठं, गुणानं लहान. माप काई सांगो, हाताले कयते." आमच्या पुस्तकात टेल्युरियम आणि आयोडीनची जोडी होती. वजनानं आयोडीन आधी यायला हवं, पण त्याचा स्वभाव क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातला, म्हणून त्या रशियन मास्तरानं वजनाचं न ऐकता त्याला टेल्युरियमच्या नंतर बसवलं. वर्गात सरांनी हे सांगितलं तेव्हा ती मला लबाडी वाटली होती. त्या दिवशी वाटलं, आईनं केलं असतं तर तिनंही असंच केलं असतं. खरं कारण पुढे पन्नासेक वर्षांनी निघालं, अणूच्या पोटातल्या प्रभारानं क्रम लागतो, वजनानं नाही. पण आईसारखं हातानं ओळखणारा आधी होऊन गेला होता.

आणि बाबा. बाबा बागेतून चालताना झाडं मोजायचे, आणि त्यांची मोजायची रीत अशी की मेलेल्या झाडाची जागाही मोजायची. "पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं नाई, पाचवं..." ओळीत उगवलं नाही किंवा मेलं अशा मोकळ्या जागेला आमच्याकडे नांगी म्हणतात. कपाशीत नांगी पडली तर आठवड्यात दुसरं बी टोचून भरता येतं, संत्र्यात तितकं सोपं नसतं. पण बाबांचं म्हणणं, जागा मोकळी असली तरी तिचा नंबर मोकळा होत नाही. मी जेवताना त्यांना रशियन मास्तराची गोष्ट सांगितली. त्यांनी घास हातात धरून ऐकली.

"मंग त्यात काय एवढं," ते म्हणाले. "नांगीच्या चारी बाजूचे झाडं पायले का मले बी सांगता येते, तिथं झाड असतं तं किती संत्रे धरले असते."

"पण बाबा, तुम्हाला माहीत असते तिथे झाड होतं म्हणून. त्याला कुठे माहीत होतं?"

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "हाव. हे बराबर हाय. त्याले छाती पाह्यजे."

मला पाठांतराचा मनस्वी कंटाळा. हायड्रोजनपासून पहिली अठरा-वीस नावं तोंडात बसली होती, पण चौथी आणि पाचवी ओळ काही केल्या बसेना. पुस्तक पुढे घेतलं की झोप यायची. मग मला युक्ती सुचली. बांधाकडच्या चौथ्या आणि पाचव्या ओळीत बरोबर अठरा-अठरा जागा होत्या. सारणीच्या त्या ओळींतही अठरा घरं. मी झाडांनाच नावं दिली. बांधाच्या टोकाला पोटॅशियम, मग कॅल्शियम, मग पुढे. चालत जायचं, खोडाला हात लावायचा आणि नाव घ्यायचं. पाचव्या ओळीत एक नांगी होती. ती एखाद्या रिकाम्या घराशी जुळली असती तर मी आज वर्गात सांगितलं असतं. पण ती पडली रुबिडियमच्या शेजारी, जिथे सारणीत सगळं भरलेलं आहे. निसर्ग आपल्या सोयीनं चालत नाही, हे एक बरं आहे.

जिथे अडायची ते झाड मी खूण करून ठेवायची. डिंक्या रोग लागू नये म्हणून बाबा खोडांना चुना आणि मोरचुदाचा निळसर लेप लावायचे. त्यावर लिहिणं पाटीपेक्षा सोपं. पंपाच्या खोलीत भिजवलेल्या गेरूचा डबा असायचा. मी बोटानं, बांधाच्या बाजूला, मूलद्रव्याची इंग्रजी अक्षरं लिहायची आणि खाली लाल टिकला द्यायची. आमचे सर चुकलेल्या उत्तरावर असाच लाल टिकला द्यायचे, तीच सवय. दुसऱ्या दिवशी नाव आठवलं की ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचं. सुरुवातीला सात झाडांवर टिकले होते. मग पाच. मग दोन. एक झाड काही केल्या साधेना. गॅलियमवरून मी सरळ आर्सेनिकवर उडी मारायची; मधलं चौदावं झाड मला दिसायचंच नाही. रशियन मास्तरानं जिथे जागा सोडली तिथेच माझंही घर रिकामं.

आता हे सांगायला हवं की आमच्याकडे झाडावर लाल टिकला म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. जे झाड डिंक्यानं गेलं, ज्याला आता पाडायचं, त्याच्या खोडावर बाबा गेरूचा टिकला लावतात. शेंबडं पोरही सांगेल. पण पाडापाडी वैशाखात होते, फेब्रुवारीत नाही. तोवर माझे पेपर संपलेले असणार होते. शिवाय रोज पुसतच तर होते. रसायनशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी सकाळी मी चौदाव्या झाडाला हात लावला आणि तोंडातून जर्मेनियम आपोआप निघालं. इतका आनंद झाला की फडकं आणायला पंपाच्या खोलीकडे निघाले, तेवढ्यात आईनं हाक मारली, मोर्शीची बस आली म्हणून. म्हटलं, आल्यावर पुसू.

पेपरात प्रश्नच तो आला. आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागा आणि त्यांचं भाकीत. मी पुरवणी घेऊन लिहिलं. एक-सिलिकॉन, त्याचा करडा रंग, त्याचं वजन, सगळं. लिहिताना नाकात फुलांचा वास होता असं मला आजही वाटतं, पण ते मी मागाहून जोडलेलं असेल.

संध्याकाळच्या बसनं घरी आले तर घरात कोणी नव्हतं. बागेत गेले. बांधाशी बाबा उभे होते आणि त्यांच्यासमोर पुंडलिककाका. पुंडलिककाका आमच्या बागेत मी जन्मायच्या आधीपासून कामाला. त्यांच्याकडे कातडी खोळीतला एक जुना रेडिओ होता. जिथे काम असेल त्या झाडाच्या फांदीला तो टांगलेला असायचा. रेडिओ वाजतोय त्या दिशेला पुंडलिककाका, हे आम्हा पोरांचं लहानपणापासूनचं गणित. त्या दिवशी रेडिओ बंद होता. चौथ्या ओळीत तेरावं झाड होतं, पंधरावं होतं, आणि मधे जमिनीवर पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता.

झालं होतं असं. लाकूड नेणाऱ्याची गाडी त्या वर्षी अचानक आधीच आली. बाबा फळं घेऊन अमरावतीला चालले होते. जाता जाता त्यांनी पुंडलिककाकांना सांगितलं, टिकले लावलेली झाडं पाडून गाडीत भरून दे. आणि गाडी लाकडं घेऊन निघूनही गेली होती.

"फुलावरलं झाड पाडलं तू!" बाबा म्हणत होते. "फुलावरलं! डोये फुटले होते काय?"

"टिकला होता भाऊ."

"चार झाडाईले टिकले होते. पाचवा कुठून आला?"

"तुमी टिकले सांगतले, आकडा नाई सांगतला. टिकला होता. अन् वरतं लिवेल होतं काई तरी. मले वाटलं तुमीच लिवलं."

"मी? झाडावर लिवीन मी? कोणी लिवलं मंग, भुतानं?"

"लिवेल होतं," पुंडलिककाका म्हणाले. "मी खोटं नाई बोलून राहिलो."

आमच्याकडे फुलावरलं झाड कोणी पाडत नाही. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण गाभण गाय कोणी विकत नाही तसंच ते. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. तेवढ्यात बाबांना मी दिसले आणि त्यांचा सगळा चेहरा बदलला. त्या रागातही आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला, वैशू?"

मी म्हटलं, "चांगला गेला."

एवढंच बोलले. मग ते बोलायची वेळ गेली, आणि मग रोज जातच राहिली. पुंडलिककाकांनी कुऱ्हाड पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवली, रेडिओ काखेत घेतला आणि निघून गेले. पुन्हा आमच्या वावरात आले नाहीत. गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? फुलावरलं झाड पाडणारा पुंडलिक. वर म्हणतो, झाडावर लिहिलेलं होतं. लोक हसायचे. छाटणीला, पाडायला त्यांना कोणी बोलवेना. दुसऱ्या वर्षी ते बडनेऱ्याला लेकीकडे राहायला गेले. मला रसायनशास्त्रात चांगले गुण मिळाले, मी शिकत गेले, अकोल्याला नोकरी लागली. बाबांनी ती नांगी भरली नाही. त्या ओळीतून जाताना बारावं, तेरावं म्हणून झाल्यावर ते गप्प होत, आणि तसेच चालत पुढच्या झाडापाशी जाऊन म्हणत, पंधरावं. बाकी सगळ्या नांग्यांना ते 'नाई' म्हणायचे, या एकीला काहीच म्हणायचे नाहीत. मी शेजारून चालत असले की मला ते दोन झाडांमधलं अंतर फार लांब वाटायचं.

बाबांचं एका झाडाचं नुकसान झालं. पुंडलिककाकांचा शब्द गेला. माणूस एकच गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो, लिहिलेलं होतं, आणि ते खरं आहे हे जगात एकाच पोरीला माहीत असतं. ती पोरगी पुढे मास्तरीण होते आणि दर वर्षी दीडशे पोरांना शिकवते की निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवावं.

मेघाचा प्रश्न शुक्रवारचा. शनिवारी मला अमरावतीला नणंदेकडे जायचं होतं. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून पुढे अमरावती. हा रस्ता मी शेकडो वेळा केलाय. पुंडलिककाकांच्या लेकीचं स्टेशनबाहेरच्या बाजारात भाजीचं दुकान आहे, हे आईनं वारायच्या आधी कधीतरी सांगून ठेवलं होतं. शेकडो वेळा त्या स्टेशनावर उतरले आणि कधी बाहेर पडले नाही. या वेळी पडले.

दुकान शोधावं लागलं नाही. मेथी, वांगी, टमाटे, आणि पुढ्यात सांबाराच्या हिरव्यागार जुड्या. त्यांच्यामागे पोत्यावर बसून एक म्हातारा माणूस डब्यातलं पाणी हातानं त्यांच्यावर शिंपडत होता. मान पुंडलिककाकांची, पूर्वीसारखीच थोडी डावीकडे कललेली. आवाज जिथून येईल तिकडे कान.

"कोथिंबीर कशी दिली?" मी विचारलं. अकोल्यात राहून आणि वर्गात बोलून माझी भाषा अशी झालीय.

"सांबार म्हन न बाई. कुठली हायेस?"

"मी वैशू काका. शेंदूरजन्याच्या वाटेवरच्या बागेतली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वैशू? भाऊची?" मग आत वळून लेकीला म्हणाले, "भाऊची वैशू आली, स्टूल दे तिले." भाऊ बरे आहेत का विचारलं, आई गेल्याचं ऐकलं होतं म्हणाले. मी स्टुलावर बसले नाही. बसले असते तर पुन्हा पेपर चांगला गेला असता. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. टिकला मी लावला होता, अक्षरं मी लिहिली होती, पुसायचं राहिलं, आणि नंतर बोलले नाही. चूक माझी होती काका, तुमची नव्हती.

पुंडलिककाकांची लेक वांगी मापता मापता थांबली.

"तवा काहून नाई बोलली?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी पेपर कसा गेला विचारलं. मी म्हटलं, चांगला गेला."

"हाव. आयकलं होतं मी. तिथीच तं उभा होतो."

मग त्यांनी बोट डब्यात बुडवलं आणि समोरच्या फरशीवर पाण्यानं काढायला लागले. सावकाश, पण न थांबता. आधी एक मोठा वाक, शेवटी त्याच्या तोंडाशी आत वळलेली आडवी रेघ. शेजारी एक लहान वेटोळं.

"एक इळा," ते म्हणाले. "त्याच्या तोंडात काडी. अन् बाजूले आंग मुडपून बसेल अळी. असंच होतं न?"

इंग्रजी जी, आणि त्याला लागून लहान ई. माझं अक्षर होतं ते. माझ्या ईचं शेपूट तेव्हा जरा जास्त वर जायचं. तेही वर गेलेलं होतं. बडनेऱ्याच्या फरशीवर पाण्यात.

"झाड फुलावर होतं तं मी थांबलो होतो," पुंडलिककाका म्हणाले. "लय वेळ पायत होतो त्या लिवन्याकडे. वाचता आलं असतं तं गोठच वेगळी. मंग सारे म्हणाले, नव्हतं लिवेल. तं मले बी वाटे कधी कधी, नसन, माह्यच डोस्कं फिरलं असन. म्हणून रोज एक डाव काढून पायत जाओ. इसरलो तं मंग खरंच खोटा पडलो असतो." पाणी वाळत चाललं होतं. त्यांनी वाळलेली बाजू पुन्हा ओली केली. "हे काय होतं थे तं सांग. पंचीस वर्सं झाले, इचारू कोणाले?"

माझ्या ध्यानात राहीना म्हणून मी ते लिहिलं होतं, आणि या माणसानं ते रोज गिरवून ध्यानात ठेवलं होतं. मला रडू आलं. आलं तर आलं. स्टुलावर बसले आणि त्यांना सांगितलं. जर्मेनियम. एका रशियन मास्तरानं सगळ्या पदार्थांची बाग लावली तेव्हा ही एक जागा मोकळी सोडली होती. म्हणाला, इथे एक झाड आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच. लोकांना वाटलं, हा बडबडतो. पण त्याच्या शेजारची झाडं पाहून त्यानं सगळं सांगितलं होतं, आणि पंधराएक वर्षांनी एका खाणीतल्या दगडात ते तसंच्या तसं सापडलं.

"पंधरा वर्सं?" पुंडलिककाकांनी विचारलं. "तवरोक काय केलं त्यानं?"

"काही नाही. जागा सोडलेली होती ती सोडलेलीच ठेवली."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "लागते कायले थे?"

"जुन्या रेडिओत असायचं. तुमच्या त्या खोळीतल्या रेडिओत बहुतेक असेल."

"अजून हाय तो. वाजत नाई." त्यांनी आत पाहिलं. रेडिओ फळीवर होता, तराजूच्या वर.

मी बाबांना फोन लावला. बाबा आता ऐकायला कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावरच ठेवतात, आणि बोलतात तेही साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं. मागे फवारणीच्या पंपाचा आवाज होता. मी जे पुंडलिककाकांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं, त्याच क्रमानं. पंपाचा आवाज बंद झाला.

"कुठी हायेस तू?" त्यांनी विचारलं.

"बडनेऱ्याला. काकांपाशी."

"फोन दे त्याले."

पुंडलिककाकांनी ओला हात धोतराला पुसला, फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, आणि बाबांना बोलूच दिलं नाही.

"भाऊ, मी पुंडलिक. लिवेल होतं न मंग?"

पलीकडून बाबांचा आवाज आला, आजूबाजूच्या दोन दुकानांना ऐकू जाईल इतका. "होतं, पुंडलिक. लिवेल होतं. मीच आयकलं नाई बाप्पा."

पुंडलिककाकांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि सांबारावर पुन्हा पाणी शिंपडायला घेतलं. एका जुडीवर शिंपडलं, दुसऱ्या जुडीवर शिंपडलं, आणि मान न वळवता मागे उभ्या लेकीला विचारलं, "आयकलं काय वो?"